कुणाकडं आलात?

“पानशेत भरलं.”

जुलै सरता सरता हे दोन शब्द पुणे जिल्ह्यात हिंडायला लागतात. कोथरूडच्या सोसायटीतले सेक्रेटरी ते ऐकतात आणि फलकावरची ‘पाणी जपून वापरा’ ही सूचना टाचण्यांसकट नीट काढून ठेवतात. पुढच्या एप्रिलला तीच लागणार असते. कॉलेजातल्या पोरांना ऐकू येतं, की सांडवा सुरू झाला, रविवार ठरवा. इंदापूरकडच्या ऊसवाल्याला त्यात कालव्याचं आवर्तन ऐकू येतं. मुठेच्या काठाला ज्यांचं पार्किंग तळघरात आहे, ते गाडी मुकाट्याने वरच्या रस्त्यावर आणून लावतात. सोलापुरात कुणीतरी म्हणतं, चला, आता उजनीत पाणी येईल. पाटबंधारे खात्यातल्या अभियंत्याची झोप उडते. आणि आंबी नदीच्या खोऱ्यात, धरणाच्या वरच्या अंगाला राहणारी एखादी आजी नुसतं “हं” म्हणते. तिच्या सासऱ्याची खाचरं पाण्याखाली आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की त्यांचे बांध दिसतात. आता पुढच्या वैशाखापर्यंत ते दिसायचे नाहीत.

धरणाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या पोटात मावतं 10.65 टीएमसी पाणी. शेजारच्या मोसे नदीवरच्या वरसगावात 12.82, टेमघरमध्ये 3.71 आणि खाली खडकवासल्यात जेमतेम 1.97. चौघांची बेरीज 29.15. हे आकडे पुण्यातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुठल्याही निवृत्त गृहस्थाला स्वतःच्या रक्तदाबाइतके पाठ असतात. पण नुसता आकडा कुणाचाच नसतो. ऐकणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला, की मगच तो आनंदाचा किंवा काळजीचा होतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त याच स्वरूपाची गंमत मांडून ठेवली आहे. ‘सूर्य मावळला’ एवढंच वाक्य तो घेतो आणि म्हणतो, की ते कोण कुणाला म्हणतं यावर त्याचा अर्थ ठरतो. कुणाला ते हल्ल्याची वेळ झाल्याचं सांगतं, कुणाला प्रियकर यायची वेळ झाल्याचं, कुणाला गुरं आत बांधायची, कुणाला संध्येला बसायची, कुणाला दुकानातला माल आवरायची. मम्मट पानशेतला आला असता, तर त्याची यादी जरा वाढली असती. धरणाच्या भिंतीपलीकडे सूर्य उतरला, की कणीसवाली निखाऱ्यावर पाणी मारते, बोटिंगवाला दोरी ओढून घेतो, शेवटच्या गाडीचा कंडक्टर एकदा घड्याळाकडे आणि एकदा चहाच्या टपरीकडे बघतो, आणि पुण्याहून आलेले लोक नेमके त्याच क्षणी फोटो काढायला उतरतात.

आता हेच वाक्य हल्लीच्या बोलक्या यंत्राला टाकून बघा. “पानशेत भरलं” एवढंच लिहा, पुढेमागे काही नको. यंत्र मोठ्या अगत्याने धरणाचा इतिहास सांगतं, साठवणक्षमता सांगतं, 1961 सालचा पूर सांगतं, आसपासची प्रेक्षणीय स्थळं सांगतं, पावसाळ्यात रेनकोट न्यावा असं सुचवतं आणि पाण्यात उतरू नये असं बजावतं. यातलं चूक काही नसतं. पंगतीत एखादा वाढपी काय हवं हे न विचारता पानभर सगळंच वाढत सुटतो ना, तसं त्याचं होतं. अभियंत्याच्या पानात रेनकोट पडतो आणि आजीच्या पानात प्रेक्षणीय स्थळं.

लोक म्हणतात, यंत्राला संदर्भ कळत नाही. मला हे म्हणणं थोडं अन्यायाचं वाटतं. संदर्भ त्याच्याकडे वारेमाप आहेत. वरच्या सातही ऐकणाऱ्यांबद्दल वेगवेगळं विचारलं, तर ते सातांचीही सुखदुःखं सुरेख सांगेल. कमी आहे ती एकच गोष्ट: आपल्यापुढे सातांपैकी कोण बसलं आहे, हे विचारून घ्यावं असं त्याला सहसा वाटत नाही. उत्तर द्यायची घाई फार. आणि नेमका इथेच मला पानशेत खोऱ्यातल्या माणसांचा तो गुण आठवतो, ज्याला आपण शहरातले लोक भोचकपणा म्हणतो.

या भागात कुणी सरळ उत्तर देत नाही. खानापूर मागे टाकून तुम्ही पानशेतला पोचलात आणि पहिल्या माणसाला काही विचारलंत, तर उत्तराच्या आधी प्रश्न येतो. कुठनं आलात? कुणाकडं आलात? गाडी कुठली? बरोबर कोण? मागं कधी फिरणार? शहरी माणूस आतल्या आत कसनुसा होतो. मी रस्ता विचारतोय बाबा, मुलगी मागायला आलेलो नाही!

टपरीवर एकदा झालेलं हे संभाषण. भर श्रावणात घोलकडे निघालेला एक तरुण, चारचाकी जमिनीला टेकलेली, बूट पांढरेशुभ्र. त्याने बाकावर बसलेल्या आबांना विचारलं, “बाबा, घोलला जायला रस्ता हाच ना?”

आबांनी आधी बूट बघितले, मग गाडी बघितली. “कुठनं आलाय?”

“पुण्याहून. रस्ता हाच ना?”

“पुण्यात कुठं?”

“वारजे. मॅपवर हाच दाखवतोय.”

“दाखवल की. कुणाकडं चाललाय?”

तरुणाने वैतागून नाव सांगितलं. त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मामांचं, जमिनीच्या काही कामासाठी. आबांनी मान वळवली, रस्त्यापलीकडे बोट केलं आणि म्हणाले, “ते काय, गिरणीपाशी बसलंय. सकाळच्या गाडीनं खाली आलंय. रेंज नाय त्यांच्या फोनला.”

नकाशाने या तरुणाला काहीही खोटं सांगितलं नव्हतं. रस्ता तोच होता, किलोमीटर बरोबर होते, वेळही बहुधा बरोबर होती. विचारलेल्या प्रश्नाला ते चोख उत्तर होतं. आबांनी मात्र प्रश्न बाजूला ठेवला आणि प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला हातात घेतलं. त्याला घोल नको होतं, मामा हवे होते. आणि मामा पन्नास पावलांवर दळणाची वाट बघत बसले होते. ‘कुणाकडं’ हे एक उकरून काढलं नसतं, तर तो दरडीच्या रस्त्याने वर जाऊन कुलूप बघून परत आला असता.

आबांच्या तीन प्रश्नांपैकी दोन वाया गेले, हेही खरं. वारज्याशी मामांचा काही संबंध नव्हता. पण कुठला प्रश्न कामाचा निघेल हे आधी कुठे कळतं? जाळं टाकताना मासा कोणत्या भोकात अडकणार हे ठरवता येत नाही, असं कुणी सुभाषितकार म्हणाला नसला, तर म्हणायला हरकत नव्हती.

चौकशीची दुसरीही एक बाजू आहे. ‘कोण विचारतंय’ हे जसं बघावं लागतं, तसं ‘कोण सांगतंय’ हेही. आणि पानशेतचा विषय निघाल्यावर हे टाळून पुढे जाता येत नाही.

12 जुलै 1961, बुधवार. धरण बांधून पुरतं झालेलं नव्हतं, पाणी बाहेर काढण्याच्या मार्गाचं काम अपुरं होतं आणि त्या वर्षीच्या पावसाला याची कल्पना कुणी दिलेली नव्हती. भिंत खचायला लागली तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ती धरून ठेवली. सकाळी ती गेली. ते सगळं पाणी खालच्या खडकवासल्यावर येऊन आदळलं आणि दुपारी ते जुनं, इंग्रजी अमदानीतलं धरणही फुटलं. तोवर पुण्यात पेठांमध्ये पाणी चढलेलं होतंच. संध्याकाळी पाणी ओसरल्यावर शहराच्या लक्षात आलं, की घराघरात चिखल आहे आणि नळाला थेंब नाही, कारण ज्या तळ्यातून नळाला पाणी यायचं, तेच तळं शहरातून वाहून गेलं होतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळच्या तासा-दोन तासांबद्दल. ‘धरण फुटलं’ हे वाक्य पाण्याच्या आधी पुण्यात पोचलं होतं. ऐकणाऱ्या अनेकांनी ते अफवा म्हणून सोडून दिलं, असं त्या पिढीतली माणसं सांगतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात नदीला पाणी येणं हे पुणेकराला नवं नव्हतं, किंबहुना नदीला पाणी आलं की लकडी पुलावर जाऊन ते बघणं हा नागरिकाच्या कर्तव्याचा भाग होता. धरण नवंकोरं. नवी वस्तू फुटत नाही, जुनी फुटते, हा घराघरातला अनुभव. अशा मनात ‘धरण फुटलं’ हे वाक्य शिरलं, की त्याला बसायला जागाच सापडत नाही. मग माणूस विचारतो, “कुणी सांगितलं?” सांगणारा म्हणतो, “सगळे म्हणताहेत.” आणि ‘सगळे’ या माणसावर पुण्यात कुणाचाच विश्वास नसतो.

पूर ओसरल्यानंतरची एक हकीकत जुनी माणसं हटकून सांगतात. पुन्हा पाणी आलं, अशी हूल उठली आणि लोक चपला न घालता पर्वतीच्या दिशेने पळत सुटले. पाणीबिणी काही नव्हतं. पहिल्यांदा बातमी खरी होती आणि पाय हलले नाहीत. दुसऱ्यांदा बातमी खोटी होती आणि पाय थांबले नाहीत. वाक्य जवळपास तेच, शहर तेच, माणसंही तीच. मधे फक्त एक बुधवार येऊन गेला होता.

त्यानंतर पुण्यात पानशेत हे गाव राहिलं नाही, कालगणना झाली. घर पानशेतच्या आधीचं की नंतरचं, लग्न आधीचं की नंतरचं. वेल्ह्याच्या माणसाला याचं नेहमी नवल वाटतं. आता वेल्ह्याला राजगड तालुका म्हणायचं, पण कादवे खिंडीतून पलीकडे जाणारा माणूस अजून ‘वेल्ह्याला चाललोय’ असंच म्हणतो. त्याच्या लेखी पानशेत म्हणजे बाजार, बँक, दवाखाना, गिरणी. त्याचं गाव दुसऱ्याच्या बोलण्यात आपत्ती होऊन बसलं आहे, याची त्याला सवय झाली आहे.

आकड्यांनाही हेच लागू. 2024च्या जुलैत सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं, तेव्हा धरणातून किती क्युसेक सोडलं आणि ते कुणी कुणाला कधी सांगितलं, यावर पुष्कळ वाद झाला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, हे शाळेत शिकवतात. पण तळमजल्यावर झोपलेल्या माणसाला हजारो क्युसेकची बातमी देणं म्हणजे काहीच न देणं. त्याचा प्रश्न एवढाच असतो, की आमच्या जिन्याच्या कितव्या पायरीला लागेल? हे गणित करता येतं. करून सांगायला मात्र तो माणूस कुठल्या जिन्याखाली झोपतो हे ठाऊक असावं लागतं. पुन्हा चौकशी आलीच.

पुण्याला चौकशीचं वावडं आहे असं नाही. पाट्या लावून तिला दारातच थोपवलेली असते, एवढंच. याच शहरात एका संस्थेने शब्दांची चौकशी इतकी चिकाटीने केली आहे, की आबासुद्धा हात टेकतील. डेक्कन कॉलेजात 1948 साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथ घ्यायचे, त्यातला शब्द उचलायचा, तो कुठे आला, कुठल्या वाक्यात आला, शेजारी कोण होतं, हे एका चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी खणात ठेवायची. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. पहिला भाग 1976 साली निघाला. इतक्या दशकांनंतर कोश अजून ‘अ’मध्येच आहे. ही गोष्ट सांगितली, की लोक हसतात. मला हसू येत नाही. एखाद्या शब्दाने कुठे कुठे दिवस काढले हे सगळं विचारून मगच त्याचा अर्थ लिहायचा म्हटलं, की ‘अ’ संपायला वेळ लागणारच.

गंमत अशी, की हल्लीच्या यंत्राची रीतही मुळात हीच आहे. 2017 साली गूगलमधल्या संशोधकांनी ट्रान्स्फॉर्मर नावाची जी रचना पुढे आणली, तिच्यात शब्दाचा अर्थ एकट्याचा ठरत नाही. समोरच्या मजकुरातल्या प्रत्येक शब्दाने बाकीच्या शब्दांकडे बघायचं, कुणाकडे किती लक्ष द्यायचं ते ठरवायचं आणि त्या संगतीवरून अर्थ लावायचा. भर्तृहरीने पंधराएकशे वर्षांपूर्वी ‘वाक्यपदीया’त शब्दाचा अर्थ कशाकशावरून पक्का होतो याची यादी दिली. तिच्यात साहचर्य आहे, विरोध आहे, प्रकरण आहे, औचित्य आहे, देश आणि काळही आहे. शास्त्रकारांचं आवडतं उदाहरण सैंधवाचं. जेवताना ‘सैंधव आण’ म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. यंत्र आता मीठ आणि घोडा यांत सहसा गोंधळत नाही. लाखो शब्द एकदम डोळ्यांपुढे धरण्याची त्याची ऐपत आहे. त्या धंद्यात तिला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात. वाक्यात जेवण असेल तर ते मीठच आणतं.

पण वाक्यात जेवण नसेल तर? धन्याच्या हातात ताटली आहे की चाबूक, हे दिसण्याइतकं ते त्या घरात नसतं. नोकर असतो. आणि डेक्कन कॉलेजच्या चिठ्ठीवर शब्दाखाली ग्रंथाचं नाव असतं, जागा असते. यंत्राने अब्जावधी वाक्यं वाचली, पण चिठ्ठ्या ठेवल्या नाहीत. आत्मविश्वासाने सांगितलेल्या एखाद्या गोष्टीवर “कुणी सांगितलं?” असं खोदून विचारलं, तर आतून येणारं उत्तर, कितीही सजवलेलं असलं तरी, पुष्कळदा तेच असतं: सगळे म्हणताहेत.

माणसांना यात फार फुशारकी मारता येणार नाही. 2018 साली संशोधक सारा बीरी आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. गायीचे हजारो फोटो बघून शिकलेल्या यंत्राला कुरणातली गाय झटक्यात ओळखता येते, पण तीच गाय समुद्रकिनाऱ्यावर उभी केली की ते चाचपडतं. गाय म्हणजे खाली हिरवं गवत, असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं. ठीक. आता तुमचा दाताचा डॉक्टर पानशेतच्या पाण्याच्या कडेला बर्म्युडा घालून, हातात भजी घेऊन उभा करा. तो हसून हात करतो. तुम्हीही हात करता आणि पुढची वीस मिनिटं, हा बँकेतला की भिशीतला की बायकोच्या माहेरचा, या विवंचनेत काढता. त्याने ‘आ करा’ म्हटलं असतं, तर क्षणात ओळख पटली असती. पानशेतला यंत्राला फसवायला तर गायही नको. उन्हाळ्यात जलाशयात बसलेली म्हैस घ्या: वर दोन नाकपुड्या, दोन शिंगं आणि एक बगळा. गुराख्याचं पोर त्या नाकपुड्यांवरून कुणाची म्हैस ते सांगतं.

एवढी स्तुती केल्यावर या चौकशीचा कडू भागही सांगायला हवा. ‘कुठनं आलाय’ आणि ‘कुणाकडं’ यांच्या पाठोपाठ आपल्याकडे एक प्रश्न अगदी सहज येतो: आडनाव काय? तोही वरवर संदर्भाचाच प्रश्न. पण त्याचं उत्तर ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होतं किंवा आवळतं, हे ज्यांनी अनुभवलं आहे, त्यांना भोचकपणाचं माझं हे कौतुक गोड वाटणार नाही, वाटूही नये. कुठे बसवायचं ते ठरलं, की माणूस दिसायचा बंद होतो. पुण्यात भाड्याने खोली शोधणाऱ्या कित्येकांना खोली ‘कालच गेली’ हे आडनाव सांगितल्यावर कळलेलं आहे. यंत्रांनी हा धडाही आपल्याकडूनच गिरवला. अ‍ॅमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळायला केलेल्या एका यंत्राने जुन्या भरत्या बघून बायकांचे अर्ज खाली ढकलायला सुरुवात केली होती; ते बंद करावं लागल्याची बातमी 2018 साली आली. त्याला कुणी बायकांविरुद्ध काही शिकवलं नव्हतं. त्याने फक्त आजवरचा संदर्भ फार प्रामाणिकपणे बघितला.

तेव्हा विचारणं आणि विचारणं यांत फरक करावा लागतो. तो कसा करायचा? माझा आपला एक साधा निकष आहे: विचारणारा स्वतःचं काही सांगतो का? मामा दाखवून झाल्यावर आबांनी त्या तरुणाला वारज्यात कुठं असं विचारलं, आणि त्याच्या उत्तराची वाटही न बघता स्वतःचा थोरला पोरगा वारज्यातच ड्रायव्हर आहे, नात आठवीत आहे आणि सून गुडघ्याने बेजार आहे, हे सांगून टाकलं. दोघांचीही पत्रावळ उघडी. खोली ‘कालच गेली’ म्हणणारे गृहस्थ आडनाव विचारतात, स्वतःचं दाराच्या पाटीपलीकडे काही सांगत नाहीत. आणि खिशातला फोन? तो तर विचारतही नाही. मी कुठे आहे, किती वाजता निघालो, वाटेत कुठल्या हॉटेलशी थांबलो हे त्याला आधीच ठाऊक असतं. पानशेतला पोचताच त्याने मला तीन रिसॉर्ट आणि एक गुडघ्याचं तेल दाखवलं. गुडघ्याचं मी कुणाला बोललो होतो, यावर मी बराच विचार केला. आबांच्या सुनेचा गुडघा मला कळला तो आबांनी सांगितला म्हणून. माझा फोनला कसा कळला, ते मात्र गुपित राहिलं.

मध्यंतरी या बोलक्या यंत्रांच्या कर्त्यांना बहुधा आबांचा हा मुद्दा पटला असावा. परवा पुण्यात बसून मी अशा एका यंत्राला लिहिलं, “उद्या पानशेतला जावं का?” आणि चक्क उत्तराऐवजी प्रश्न आले. आपण कुठून निघणार आहात? बरोबर किती जण आहेत? लहान मुलं किंवा ज्येष्ठ नागरिक आहेत का? जाण्याचा हेतू काय? अगदी आदबीने, एकाखाली एक.

इतकी पानं मी ज्याची बाजू मांडत आलो, तेच समोर आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात कपाळावर आठी चढली. याला काय करायच्या आहेत चौकशा? मी लिहिलं, “कशाला?” त्याने तत्काळ दिलगिरी व्यक्त केली, माझ्या खासगीपणाचा आदर असल्याचं सांगितलं आणि पावसाळी सहलीसाठी सर्वसाधारण सूचनांची यादी दिली. तिच्यात रेनकोट पहिला होता.

दुसऱ्या दिवशी गेलो. भिंतीजवळच्या टपरीवर मावशी स्टोव्हला पंप मारत होत्या. कुठनं आलात, एकटेच का, वहिनींना का नाही आणलं, मुलगा काय करतो, हे त्यांनी कप विसळता विसळता विचारून घेतलं आणि मी मुकाट सांगितलं. साखरेचं औषध चालू असल्याचं मी आपण होऊन सांगितलं. त्यांनीही जावयाची नोकरी, आवणीला न मिळणारे गडी आणि शेजारच्या टपरीवाल्याचं कर्ज हे मला सांगितलं. त्यातलं शेवटचं सांगायला नको होतं. यंत्राला केला तसा “कशाला?” मी त्यांना केला नाही. त्यांनी दिलगिरीबिलगिरी काही व्यक्त केली नसती, चहाचं भांडं उतरवून ठेवलं असतं आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला विचारलं असतं, “तुम्ही हो, कुणाकडचे?”